वाचकांचे प्रश्न : महाकाल जपानच्या मुदपाकखान्यात

मागील अंकात जपानमधील देवस्थाने आणि त्यांच्या आवारात दिसणारे पशुपक्षी यांवर एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले होते. त्यावर इंदूर शहरातून आणि आसपासच्या गावांतून आलेल्या निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. अनेकांचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच होता. असे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त ओसाका येथे असतो. त्याच्याकडे गेले असता क्योटोच्या एका डोंगरावर शेंदरी कमानींची न संपणारी रांग पाहिली. वाटेत जागोजागी गळ्यात लाल कापड बांधलेल्या कोल्ह्यांच्या मूर्ती होत्या आणि लोक तेथे हात जोडत होते. आपल्याकडे कोल्हा म्हणजे लबाडी. जपानी लोक त्याला देव कसे मानतात? आणि त्या कमानींचा अर्थ काय?
— एक निवृत्त शिक्षिका, रामबाग

उत्तर : आपण पाहिलेले स्थान म्हणजे क्योटोच्या दक्षिण भागातील फुशिमी इनारी. परंपरेनुसार त्याची स्थापना इ. स. 711 मध्ये झाली. इनारी ही भातपिकाची, धान्याची आणि पुढे व्यापारउदिमाची देवता आहे आणि कोल्हा हा तिचा दूत आहे. लोकांनी जोडलेले जे हात आपण पाहिले, ते त्या दूतापुढे जोडलेले होते. तो निरोप देवतेपर्यंत पोहोचवतो, अशी भावना त्यामागे असते. हा भेद ध्यानात घेतला की जपानमधील बहुतेक देवस्थानांतील प्राण्यांचा उलगडा होतो. नारा येथील कासुगा देवस्थानाची देवता पांढऱ्या हरिणावर बसून दूरच्या काशिमाहून आली, अशी कथा आहे. म्हणून तेथील हरणे पिढ्यान्‌पिढ्या निर्भयपणे शहरात हिंडतात, आणि 1957 साली त्यांना राष्ट्रीय नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षणही मिळाले. कुमानो येथे तीन पायांचा कावळा आहे. जपानचा आद्य सम्राट जिम्मू याला डोंगराळ मुलखातून वाट दाखवणारा तोच, असे पुराणकथा सांगते, आणि आज जपानच्या फुटबॉल संघटनेच्या चिन्हावरही तोच कावळा आहे. क्योटोच्या कितानो तेनमानगूमध्ये बसलेल्या बैलाच्या मूर्ती आहेत. ते स्थान इ. स. 903 मध्ये मरण पावलेल्या सुगावारा नो मिचिझाने या विद्वानाचे असून, परीक्षेला बसणारी मुले त्या बैलाच्या मस्तकावरून हात फिरवतात.

कोल्हाच का, याचे उत्तर शेतीत आहे. डोंगरावरून उतरून शेताच्या बांधावर येणारा आणि धान्य फस्त करणाऱ्या उंदरांना मारणारा हा प्राणी भात पिकवणाऱ्यांना आपला राखणदार वाटला, तर नवल नाही. पुन्हा त्या मूर्ती पाहण्याचा योग आला, तर कोल्ह्याच्या तोंडाकडे अवश्य पाहावे. एकाच्या तोंडात भाताची लोंबी, दुसऱ्याच्या तोंडात धान्याच्या कोठाराची किल्ली, आणखी कोणाच्या तोंडात रत्न किंवा गुंडाळलेली पोथी असते. लबाडीची गोष्ट जपानी लोकांना ठाऊक नाही असे मात्र समजू नये. रूप बदलून माणसांना चकवणाऱ्या कोल्ह्यांच्या कथा तेथील लोकसाहित्यात विपुल आहेत. एकाच प्राण्याकडे भीतीने आणि भक्तीनेही पाहता येते, हे आपण नागाच्या बाबतीत जाणतोच.

कमानीला तेथे तोरी म्हणतात. तोरी ओलांडली की माणसांचा परिसर संपतो आणि देवतेचा सुरू होतो. त्यामुळे अनेक जण आत शिरताना क्षणभर थांबून किंचित वाकतात. फुशिमी इनारीच्या डोंगरावर अशा सुमारे 10 हजार कमानी असून त्या भाविकांनी आणि व्यापारी पेढ्यांनी अर्पण केलेल्या आहेत. डोंगर चढताना त्या कोऱ्या दिसतात, परंतु उतरताना मागे वळून पाहिल्यास दात्याचे नाव आणि अर्पण केल्याची तारीख खांबांवर वाचता येते. शेंदरी रंग अनिष्ट शक्तींना दूर ठेवतो ही त्यामागची श्रद्धा, आणि पाऱ्यापासून बनवलेला तो रंग पूर्वी लाकूड टिकवण्यासाठी लावला जाई, हे त्याचे व्यावहारिक कारण. लाल गळपट्ट्यांमागेही हीच अनिष्टनिवारणाची भावना आहे.

आपल्या पत्रात ‘देऊळ’ हा एकच शब्द सर्वत्र आला आहे, म्हणून एक खुलासा करणे आवश्यक वाटते. तोरी असते ते शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देवस्थान, म्हणजे जिंजा. तेथे प्रथम हात आणि तोंड धुवावे, मग दोनदा वाकावे, दोनदा टाळी वाजवावी आणि पुन्हा एकदा वाकावे, असा रिवाज आहे. बौद्ध मंदिर वेगळे. तेथे टाळी वाजवत नाहीत, शांतपणे हात जोडतात, उदबत्ती लावतात. बौद्ध मंदिराच्या आवारात अनेकदा पाच मजली लाकडी मनोरा दिसतो. तो मूळच्या भारतीय स्तूपाचाच वंशज असून त्याचे पाच मजले पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश या पंचमहाभूतांचे द्योतक मानले जातात. नाराजवळच्या होर्यूजी मंदिरातील असा मनोरा जगातील सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक आहे. शिंतो आणि बौद्ध ही विभागणी आज स्पष्ट दिसत असली, तरी 1868 मध्ये शासनाने दोन्ही धर्म वेगळे करण्याचा आदेश काढेपर्यंत अनेक ठिकाणी देव आणि बुद्ध एकाच आवारात नांदत होते. सामान्य जपानी माणसाच्या घरात ते आजही नांदतात.

प्रश्न : मी श्रावणात नेमाने उज्जैनला महाकालाच्या दर्शनाला जातो. जपानहून परतलेल्या एका मित्राने मला एक छोटी मूर्ती दाखवली. तीत खांद्यावर पोते टाकलेला, हातात हातोडी घेतलेला एक लठ्ठ, हसरा गृहस्थ तांदळाच्या पोत्यांवर उभा होता. मित्र म्हणाला, हाच जपानचा महाकाल. हा आपल्या दैवताचा उपहास नव्हे काय? दुसरे एक परिचित म्हणतात की जपानचे सगळे देव मुळात आपलेच आहेत. खरे काय समजावे?
— एक वाचक, सुदामानगर

उत्तर : आपल्या मित्राने सांगितलेली माहिती खरी आहे, परंतु तिच्यातून काढलेले दोन्ही निष्कर्ष आम्हांला मान्य नाहीत.

त्या देवतेचे नाव दाइकोकुतेन. महाकाल या नावाचा चिनी भाषेत ‘महान कृष्णवर्णी’ असा अनुवाद झाला आणि त्याचाच जपानी उच्चार दाइकोकु. उज्जैनच्या ज्योतिर्लिंगाशी त्याचा थेट संबंध नाही. भारतातील बौद्धांनी शिवाच्या या उग्र रूपाला धर्मरक्षक म्हणून स्वीकारले आणि तो बौद्ध मठांतून पुढे प्रवासाला निघाला. मग मठाचा रक्षक स्वयंपाकघरात कसा पोहोचला? सातव्या शतकात भारतात आलेल्या इ-त्सिंग या चिनी भिक्षूने लिहून ठेवले आहे की येथील मठांच्या मुदपाकखान्यात खांबापाशी किंवा कोठाराच्या दारापाशी एक लाकडी मूर्ती असते, तिच्या हातात सोन्याची थैली असते, तिला नित्य तेल चोपडल्यामुळे ती काळी पडलेली असते आणि तिला महाकाल म्हणतात. म्हणजे अन्नाची राखण करणारा, थैली धारण केलेला महाकाल ही जपान्यांची कल्पना नाही. तो भारतातूनच त्या रूपात निघाला होता. जपानमध्ये साइचो (इ. स. 767 ते 822) या आचार्यांनी क्योटोजवळच्या हिएइ पर्वतावरील आपल्या मठात त्याची स्थापना केली, असे परंपरा सांगते.

जपानमध्ये स्थिरावल्यावर मात्र त्याचे रूप खरोखर पालटले. तेथील ओकुनिनुशी या प्राचीन देवाचे नाव लिहिताना वापरली जाणारी अक्षरेही दाइकोकु अशीच वाचता येतात, त्यामुळे लोकांच्या मनात दोघे एकरूप झाले. इ. स. 712 मधील ‘कोजिकी’ या ग्रंथात ओकुनिनुशीची कथा आहे. तो माळरानावर वणव्यात सापडला असता एका उंदराने त्याला जमिनीखालची पोकळी दाखवून वाचवले. म्हणून दाइकोकुतेनाच्या पायाशी उंदीर असतो, आणि जेथे उंदीर आहे तेथे धान्य आहे, असा समृद्धीचा अर्थही त्याला येऊन चिकटला. खांद्यावरचे पोते ओकुनिनुशीचे, काळा वर्ण महाकालाचा, पायाखालची तांदळाची पोती जपानी शेतकऱ्याची. हातोडी आपटली की हवे ते बाहेर पडते, अशी समजूत आहे. पुढे सात भाग्यदेवतांच्या मंडळात त्याला स्थान मिळाले आणि नववर्षाच्या सुमारास रत्नांनी भरलेल्या जहाजातून येणाऱ्या या सात जणांची चित्रे घरोघरी पोहोचली. येथे उपहासाचा लवलेश नाही. आणि उग्र महाकाल तेथे विस्मरणातही गेला नाही. शिंगोन या बौद्ध पंथाच्या गर्भधातू मंडल नावाच्या देवतांच्या पटचित्रात तीन मुखांचा, सहा हातांचा, पाठीमागे हत्तीचे कातडे धरलेला महाकाल आजही रेखाटलेला दिसतो. गजासुराची कथा जाणणाऱ्या वाचकांना त्याची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही.

आता आपल्या दुसऱ्या परिचितांचे म्हणणे. सात भाग्यदेवतांपैकी दाइकोकुतेन, बिशामोनतेन म्हणजे कुबेर किंवा वैश्रवण, आणि बेनझाइतेन म्हणजे सरस्वती, या तिघांचे मूळ भारतात आहे. तिघे चीनमधून आले, आणि एबिसु हा कोळ्यांचा देव तेवढा निखळ जपानी. बेनझाइतेनाच्या हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आहे. तिच्याजवळ हंसही नाही आणि मोरही नाही. पांढरा साप हा तिचा दूत आहे. ती जलदेवता असल्याने तिची स्थाने बहुधा बेटांवर किंवा पाण्याकाठी असतात, जसे एनोशिमा, किंवा बिवा सरोवरातील चिकुबु बेट. कामाकुरा येथील तिच्या एका स्थानात गुहेतील झऱ्यात लोक पैसे धुतात, कारण धुतलेले धन वाढते अशी श्रद्धा आहे. सरस्वतीकडे आपण विद्या मागतो. तेथे तिच्याकडे कला, वाक्चातुर्य आणि धन ही तिन्ही मागितली जातात.

गणपतीही तेथे आहे. त्याचे नाव कांगितेन. गजमुख असलेल्या दोन आकृती एकमेकींना आलिंगन देत उभ्या, असे त्याचे बहुधा रूप असते, आणि ही मूर्ती सामान्यतः बंद देव्हाऱ्यात ठेवलेली असून तिचे दर्शन भाविकांना होत नाही. खजराना येथे गणपतीसमोर उभे राहून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलणाऱ्या आपल्या मंडळींना ही गोष्ट विलक्षण वाटेल. टोकियोच्या आसाकुसा भागातील माचुचियामा शोदेन या मंदिरात त्याला पांढरा मुळा वाहतात. क्योटोमध्ये त्याच्या नैवेद्यासाठी एक तळलेला पदार्थ बनवतात, ज्याचा आकार तोंड बांधलेल्या थैलीसारखा असून आत गोड सारण असते. त्याचे नाते मोदकाशी आहे, असे अनेक अभ्यासक मानतात, आणि त्याचे चित्र पाहिलेल्या कोणत्याही मराठी माणसाला ते पटेल.

हे सगळे वाचून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन इ. स. 752 मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. ज्या कुंचल्याने ते डोळे रेखाटले गेले तो कुंचला, आणि त्याला बांधलेला जो दोर उपस्थितांनी पुण्यप्राप्तीसाठी हातात धरला होता तो दोर, दोन्ही वस्तू नारामधील शोसोइन या राजकोशात जपून ठेवलेल्या आहेत. परंतु ज्या समाजाने पाहुण्या देवाला आपल्या भाताच्या पोत्यांवर उभे केले, आपल्या कथा त्याला दिल्या आणि हजारांहून अधिक वर्षे त्याची सेवा केली, त्या समाजाचा तो देव आहे. कुबेराचे किंवा सरस्वतीचे मूळ सांगावे, आग्रहाने सांगावे. मात्र मूळ सांगितले की अर्थ सांगून झाला, असे समजू नये. आमच्या मते येथेच बहुतेक लेखक घाई करतात.

प्रश्न : गांधीजींची तीन माकडे जपानमधून आली असे वाचले. ती खरोखर जपानी आहेत का, आणि माकडेच का निवडली गेली?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, विजयनगर

उत्तर : गांधीजींनी जपून ठेवलेल्या मोजक्या वस्तूंमध्ये तीन माकडांची छोटी मूर्ती होती, आणि या त्रयीचे सर्वांत प्रसिद्ध शिल्प जपानमधील निक्को येथे आहे. वाईट पाहू नये, ऐकू नये, बोलू नये या उपदेशाची मुळे त्याहून जुनी आहेत. जे शिष्टाचाराला धरून नाही ते पाहू नये, ऐकू नये, बोलू नये आणि करू नये, असे कन्फ्यूशियसच्या वचनांत आहे. माकडे त्यात जपानमध्ये आली, कारण जपानी भाषेत क्रियापदाचे नकारार्थी रूप आणि माकड या अर्थाचा शब्द यांचा उच्चार जवळजवळ सारखा आहे.

निक्को येथील तोशोगू हे तोकुगावा इयेयासू या शासकाचे समाधिस्थान असून आजचे बांधकाम मुख्यत्वे 1636 सालचे आहे. माकडे कोरलेली आहेत ती देवाच्या घोड्याच्या तबेल्यावर. माकड घोड्यांचे रोगांपासून रक्षण करते, अशी जुनी समजूत होती. तेथे एकूण आठ फलक आहेत आणि त्यांत माकडांच्या रूपाने मनुष्याचे आयुष्य चितारले आहे: मुलाचे भवितव्य न्याहाळणारी आई, तारुण्यातील उमेद, निराशा, सोबत्याने दिलेला धीर, विवाह आणि पुन्हा मातृत्व. जगप्रसिद्ध तीन माकडे हा त्यांतील केवळ बालपणाचा फलक आहे. कोवळ्या वयात वाईट गोष्टी कानांवर, डोळ्यांवर आणि जिभेवर येऊ देऊ नयेत, असा त्याचा संदर्भ आहे. एक फलक उचलून जगाने उरलेले सात विसरावेत, याचे वाईट वाटते.

त्याच आवारात एका दारावर झोपलेली मांजर कोरली आहे आणि तिच्या मागच्या बाजूला चिमण्या निर्धास्त खेळत आहेत. दीर्घ यादवीनंतर आलेल्या शांततेचे ते चित्र मानले जाते. भारतीय प्रवाशाने आणखी एक गोष्ट चुकवू नये: कानो तान्यू या चित्रकाराच्या रेखाटनांवरून कोरलेले दोन हत्ती. त्याने हत्ती प्रत्यक्ष कधीही पाहिला नव्हता. केवळ ऐकीव माहितीवरून घडलेल्या त्या हत्तींचे कान आणि शेपट्या आपल्याला चमत्कारिक वाटतात, तरीही ज्या आदराने ते कोरले आहेत तो लपत नाही.

प्रश्न : जपानमध्ये मोठ्या वृक्षांना जाड दोरी बांधलेली छायाचित्रांत दिसते. हा वृक्षपूजेचा प्रकार आहे का? तसेच त्यांचे सर्वांत पवित्र मंदिर ते दर वीस वर्षांनी मोडून टाकतात, हे खरे आहे का?
— एक वाचक, महू

उत्तर : ती दोरी भाताच्या पेंढ्याची असते. तिला शिमेनावा म्हणतात आणि तिच्यावर नागमोडी घडी घातलेल्या पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या लटकवलेल्या असतात. वटपौर्णिमेला वडाला गुंडाळलेले सूत पाहून जसे कोणालाही कळते की येथे कोणी काही मागितले आहे, तशी ती दोरी मागणीची खूण नाही. येथे देवतेचा वास आहे, हे ती केवळ सूचित करते. वृक्षालाच नव्हे, खडकालाही ती बांधतात. इसेजवळ फुतामी येथे समुद्रातील एक मोठा आणि एक लहान असे दोन खडक अशा दोरीने जोडलेले असून त्यांना पती-पत्नी मानतात.

शिंतो विचारात देवतेला मूर्तीची गरज नसते, आणि कधी कधी मंदिराचीही नसते. नारा प्रांतातील ओमिवा या अतिप्राचीन देवस्थानात गाभारा नाही. मागचा मिवा पर्वत हीच देवता असल्याने भाविक पर्वताकडे तोंड करून नमस्कार करतात. त्या देवतेचे एक रूप साप आहे, म्हणून आवारातील जुन्या देवदार जातीच्या वृक्षापाशी अंडी आणि साके हे मद्य ठेवतात. नाची येथे 133 मीटर उंचीवरून कोसळणारा धबधबा हाच देव आहे. निसर्ग तेथे कशाचे तरी प्रतीक आहे असे म्हणणेही मग अपुरे पडते.

इसे देवस्थानाविषयी आपण ऐकले ते खरे आहे. सूर्यदेवता अमातेरासू हिचे हे स्थान दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर, हिनोकी या सुवासिक लाकडात, जुन्याच मापांनुसार नव्याने उभारतात, आणि मग देवतेचे स्थलांतर होते. हा विधी प्रथम इ. स. 690 मध्ये झाला. पंधराव्या-सोळाव्या शतकांतील यादवीत तो शतकाहून अधिक काळ खंडित झाला होता, परंतु पुन्हा सुरू झाला. बासष्टावा 2013 मध्ये पार पडला आणि पुढचा 2033 मध्ये होईल. जुने लाकूड फेकून देत नाहीत. मुख्य वास्तूचे मोठे खांब इसे येथील उजी पुलाच्या तोरींसाठी वापरतात आणि इतर लाकूड देशभरातील देवस्थानांना जाते. वीस वर्षांच्या अंतराने तरुण सुतार वडीलधाऱ्यांच्या हाताखाली तेच काम शिकतो आणि पुढच्या खेपेस स्वतः शिकवतो. दगडी मंदिरांच्या देशात वाढलेल्या आपल्याला जुनेपण दगडात दिसते. इसे येथे ते कारागिराच्या हातात आणि लाकूड पुरवणाऱ्या जंगलात आहे, कारण आजचे सुतारकाम चालू राहायचे तर दोनशे वर्षांनंतर लागणारे वृक्ष आजच लावावे लागतात.

देवस्थानाभोवतीची राई तोडण्यास मनाई असे, त्यामुळे अनेक ठिकाणी मूळचे वन टिकून राहिले. परंतु श्रद्धा आपोआप जंगल राखते, हे म्हणणे जपानच्या इतिहासाला धरून नाही. 1906 च्या आदेशानुसार शासनाने लहान देवस्थाने एकत्र करण्यास सुरुवात केली, हजारो देवस्थाने बंद झाली आणि त्यांच्या राया तोडून विकल्या गेल्या. किइ द्वीपकल्पात राहणारे निसर्गशास्त्रज्ञ मिनाकाता कुमागुसु (1867 ते 1941) यांनी त्याविरुद्ध अथक लेखन केले आणि 1910 मध्ये काही दिवस कोठडीही भोगली. वृक्ष गेले की पक्षी जातात, कीटक वाढतात, शेती बिघडते आणि गावाला एकत्र आणणारी जागाही जाते, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी मांडले होते. देवरायांविषयी आज आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यात त्यांचे नाव यायला हवे. दुसरीकडे, टोकियोतील मेइजी देवस्थान 1920 मध्ये उभारले गेले तेव्हा देशभरातून आलेले सुमारे एक लाख वृक्ष जवळजवळ उजाड जमिनीवर लावण्यात आले, आणि पुढे ते स्वतःच वाढावे अशी योजना केली गेली. आजही तेथील वाटांवर पडलेली पाने झाडून पुन्हा वनातच टाकतात.

प्रश्न : आमच्याकडे व्यवसायानिमित्त जपानी पाहुणे येणार आहेत. माहेश्वरी वस्त्रे भेट देण्याचा विचार आहे. त्यांच्या दृष्टीने कोणती नक्षी शुभ आणि कोणती टाळावी?
— एक कापड व्यापारी, राजवाडा परिसर

उत्तर : कल्पना उत्तम आहे. सारस जातीचा पक्षी आणि कासव ही तेथे दीर्घायुष्याची चिन्हे आहेत; सारस हजार वर्षे आणि कासव दहा हजार वर्षे जगते, असे म्हणतात. विवाहाच्या किमोनोवर सारस आवर्जून असतो. पाइन, बांबू आणि प्लम ही त्रयी थंडीतही टिकून राहणारी म्हणून मंगल मानली जाते. चेरीच्या फुलांवर त्यांचे अतोनात प्रेम आहे, परंतु ती अल्पायुषी असल्याने त्यांच्या सौंदर्यात हुरहुरही मिसळलेली असते. कमळाची नक्षी आपल्याला शुभ वाटते; जपानमध्ये कमळ मुख्यत्वे बौद्ध पूजेशी आणि दिवंगतांच्या स्मरणाशी जोडलेले आहे, त्यामुळे भेटीसाठी ते टाळलेले बरे. मोर देण्यास हरकत नाही. माहेश्वरी साड्यांच्या काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या नक्षीवरून घेतलेल्या भौमितिक रेषा असतात, त्या सर्वांत निर्धोक, शिवाय त्यांच्यामागची अहिल्याबाईंच्या काळाची कथा आपण पाहुण्यांना सांगू शकाल.

चार वस्तूंचा संच देऊ नये, कारण चार या संख्येचा एक उच्चार मृत्यू या शब्दासारखा आहे. तीन किंवा पाच द्याव्यात. वेष्टन नीटनेटके असावे आणि भेट दोन्ही हातांनी द्यावी. पाहुणे आपल्यासमोर ती उघडणार नाहीत, असा पुष्कळ संभव आहे. ती न उघडता बाजूला ठेवणे हा त्यांच्याकडे विनय समजला जातो, तेव्हा त्यांना उघडून पाहण्याचा आग्रह करू नये.